ऑफ-रोड वाहनांतील टायरवाढ आणि गियर-गुणोत्तर बदल

टायरवाढ म्हणजे वाहनाला उत्पादकाने ठरवून दिलेल्या मापापेक्षा मोठ्या व्यासाचे टायर बसवणे. गियर-गुणोत्तर बदल म्हणजे त्यामुळे बिघडलेला इंजिन व चाके यांच्या फेऱ्यांचा मेळ पुन्हा साधण्यासाठी डिफरन्शियलमधील क्राउन व पिनियन ही दंतचक्रांची जोडी बदलणे. या दुसऱ्या कामाला गॅरेजच्या भाषेत ‘रीगियरिंग’ किंवा ‘क्राउन-पिनियन बदलणे’ असे म्हणतात. खडकाळ, चिखलाच्या किंवा वाळूच्या वाटेवर चालणाऱ्या चार-चाक-चालित वाहनांत हे दोन्ही बदल अनेकदा एकत्र विचारात घेतले जातात. मोठ्या टायरमुळे वाहनाची जमिनीपासूनची उंची वाढते, पण ओढ कमी होते आणि उतारावरील इंजिनाचा रोधही घटतो. त्यामुळे टायर किती वाढवावा आणि गुणोत्तर बदलावे की नाही, हा प्रश्न दिखाऊपणाचा नसून मुख्यतः सुरक्षिततेचा आहे.

## स्थानिक संदर्भ

महाराष्ट्रातील क्षेत्रफळाने सर्वांत मोठा असलेला अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्हा या विषयाशी अनेक अंगांनी जोडलेला आहे. संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेची ‘व्हीआरडीई’ या नावाने ओळखली जाणारी वाहन संशोधन व विकास आस्थापना अहिल्यानगर येथे आहे. तिचे मूळ फाळणीपूर्वी चकलाला (सध्या पाकिस्तानात) येथे असलेल्या लष्करी वाहनांच्या तपासणी कार्यालयात असून १९४७ नंतर ते काम येथे आले. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ नुसार वाहनांच्या नमुन्यांची चाचणी घेण्याचा अधिकार असलेल्या संस्थांत या आस्थापनेचा समावेश होतो. टाटा मोटर्ससोबत विकसित केलेले आठचाकी चिलखती वाहन ‘व्हॅप’ हे तिच्या अलीकडच्या कामांपैकी एक आहे. चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आणि रणगाडा संग्रहालयही याच शहरात आहे.

जिल्ह्याचा भूगोल वाहनांची परीक्षा पाहणारा आहे. पश्चिमेस अकोले तालुक्यात सह्याद्रीची मुख्य रांग असून १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई हे राज्यातील सर्वोच्च शिखर तेथेच आहे. पूर्वेकडे काळ्या मातीची सपाटी आहे. ही माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात चाकाला चिकटून बसते. पुणे–नाशिक मार्गावरील चंदनापुरी, छत्रपती संभाजीनगर मार्गावरील इमामपूर आणि पाथर्डीकडे जाणाऱ्या मार्गावरील करंजी हे घाट नित्य वाहतुकीचे आहेत. एकाच वाहनाला एकाच दिवशी घाट, महामार्ग आणि शेतवाट अशा तिन्ही प्रकारच्या वाटा तुडवाव्या लागणे येथे नवलाचे नाही.

## टायरचे माप

टायरच्या भिंतीवरील मापात तीन संख्या असतात. ‘२३५/७० आर १६’ या मापात २३५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी, ७० हे भिंतीच्या उंचीचे रुंदीशी असलेले शेकडा प्रमाण आणि १६ हा रिमचा इंचांतील व्यास होय. ‘आर’ हे अक्षर रेडियल रचना दर्शवते. यावरून टायरचा एकूण व्यास पुढीलप्रमाणे काढतात:

एकूण व्यास = (रिमचा व्यास × २५.४) + (२ × रुंदी × शेकडा प्रमाण ÷ १००)

वरील मापासाठी हा व्यास ४०६.४ + ३२९ = ७३५.४ मिमी येतो. नाशिक येथे तयार होणाऱ्या महिंद्रा थारच्या २०१० च्या पिढीतील सीआरडीई प्रकाराला हेच माप होते. २०२० च्या पिढीत २४५/७५ आर १६ (७७३.९ मिमी) आणि २५५/६५ आर १८ (७८८.७ मिमी) अशी दोन मापे देण्यात आली. म्हणजे खुद्द उत्पादकानेही पुढील पिढीत टायर वाढवला. मात्र त्यासोबत इंजिन, गियरपेटी, ब्रेक आणि निलंबन यांचीही नव्याने आखणी झाली होती. मालकाने केवळ टायर बदलल्यास बाकीचे भाग जुन्याच मापासाठी आखलेले राहतात.

हा व्यास भाररहित टायरचा असतो. वजनाखाली टायर थोडा दबतो आणि निरनिराळ्या कंपन्यांच्या एकाच मापाच्या टायरांतही काही मिलिमीटरचा फरक असतो. त्यामुळे नेमकेपणा हवा असल्यास चाकाच्या एका फेरीत वाहन किती अंतर कापते, ते जमिनीवर खुणा करून मोजणे अधिक चांगले.

## टायर का वाढवतात

जमिनीच्या सर्वांत जवळचा भाग बहुधा डिफरन्शियलचा गोळा असतो. सलग आसाच्या वाहनात सांगाडा कितीही उंच उचलला तरी हा गोळा वर जात नाही. तो उचलण्याचा साधा मार्ग म्हणजे मोठा टायर. व्यासात जेवढी वाढ होते, तिच्या निम्म्यानेच ही उंची वाढते. व्यास ९८ मिमीने वाढला तर गोळ्याखालची जागा सुमारे ४९ मिमी मिळते.

दुसरा लाभ मऊ जमिनीवर दिसतो. मोठ्या व्यासाच्या टायरचा जमिनीशी होणारा स्पर्श लांबट असतो, त्यामुळे दाब विभागला जातो व चाक कमी रुतते. दगड किंवा बांध ओलांडतानाही मोठे चाक त्यावर कमी तिरप्या कोनातून चढते.

रुंदीची गोष्ट मात्र वेगळी आहे. वाळूत रुंद टायर उपयोगी पडतो, परंतु ओल्या काळ्या मातीत रुंद टायरच्या खाचा लवकर भरतात आणि तो गुळगुळीत होऊन घसरू लागतो. चिखलाखाली कठीण थर असेल तर उंच पण अरुंद टायर चिखल कापत त्या थरापर्यंत पोहोचतो. म्हणून जुन्या लष्करी जीपला अरुंद टायर असत.

## गणित

इंजिनाची फिरकी गियरपेटी, ट्रान्सफर केस आणि डिफरन्शियल या टप्प्यांतून मंदावत चाकापर्यंत येते. शेवटच्या टप्प्यातील घटीला अंतिम गुणोत्तर म्हणतात. गुणोत्तर ४.१० असेल तर पिनियनच्या ४.१० फेऱ्यांत चाकाची एक फेरी होते. चाकाच्या कडेला मिळणारी ओढ टॉर्क आणि एकूण गुणोत्तर यांच्या सम प्रमाणात, तर त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असते. त्रिज्या वाढली की ओढ त्याच प्रमाणात घटते.

मूळ टायर २३५/७० आर १६ आणि उदाहरणादाखल अंतिम गुणोत्तर ४.१० धरल्यास होणारे फरक पुढीलप्रमाणे आहेत:

| नवा टायर | व्यास (मिमी) | व्यासातील वाढ | गोळ्याखाली वाढलेली जागा (मिमी) | काटा ८० दाखवताना खरा वेग (किमी/तास) | ओढीतील घट | मेळासाठी लागणारे गुणोत्तर |
|---|---|---|---|---|---|---|
| २४५/७५ आर १६ | ७७३.९ | ५.२% | १९ | ८४.२ | ५.०% | ४.३१ |
| २६५/७५ आर १६ | ८०३.९ | ९.३% | ३४ | ८७.५ | ८.५% | ४.४८ |
| २८५/७५ आर १६ | ८३३.९ | १३.४% | ४९ | ९०.७ | ११.८% | ४.६५ |

काटा मूळ टायरला अचूक होता, असे येथे गृहीत धरले आहे. शेवटचा स्तंभ ‘जुने गुणोत्तर × नवा व्यास ÷ जुना व्यास’ या सूत्राने मिळतो.

ओढीतील घट ही केवळ व्यासामुळे होणारी आहे. मोठा टायर आणि त्याचे रिम जडही असतात, आणि हे जादा वजन चाकाच्या परिघाजवळ असल्याने त्याला फिरवायला व थांबवायला अधिक जोर लागतो. म्हणून प्रत्यक्षात वाहन तक्त्यापेक्षाही सुस्त वाटते.

## चढ आणि उतार

चढावर ओढ कमी पडली की चालक खालचा गियर घेतो. पाचव्याऐवजी चौथा, चौथ्याऐवजी तिसरा असे करत काम भागते. अडचण पहिल्या गियरला येते, कारण त्याखाली गियर उरत नाही. खडकाळ वाटेवर वाहन अतिशय सावकाश, क्लच न दाबता चालणे आवश्यक असते. एकूण गुणोत्तर ४० असलेले वाहन ७३५.४ मिमी व्यासाच्या टायरवर इंजिनाच्या मिनिटाला ८०० फेऱ्यांना ताशी सुमारे २.८ किमी वेगाने रांगते. ८३३.९ मिमी टायरवर हाच वेग ताशी सुमारे ३.१ किमी होतो. फरक आकड्यात लहान आहे, पण दगडावर चाक नेमके ठेवताना तो जाणवतो. चालक मग अर्धा क्लच दाबून वेग आवरतो आणि क्लच प्लेट लवकर झिजते.

उतारावरील परिणाम अधिक गंभीर आहे. ज्या गियरमध्ये घाट चढला त्याच गियरमध्ये तो उतरावा, हा चालकांचा जुना नियम इंजिनाच्या रोधावर आधारलेला आहे. टायर वाढवल्यावर हा रोध ओढीइतकाच घटतो. त्याच वेळी ब्रेकचे कामही वाढते. ब्रेकची तबकडी किंवा ड्रम मूळ मापाचाच असतो, पण चाकाची त्रिज्या वाढल्याने तेवढाच थांबवणारा जोर मिळवण्यासाठी ब्रेकला तेवढा अधिक टॉर्क द्यावा लागतो. तक्त्यातील सर्वांत मोठ्या टायरसाठी हा भार सुमारे १३ टक्क्यांनी वाढतो. गाडी भरलेली असेल व घाट लांब असेल तर ब्रेक तापून त्यांची पकड मंदावण्याची शक्यता वाढते. गुणोत्तर बदलल्यास इंजिनाचा रोध पूर्ववत होतो, परंतु ब्रेकवरील भार कमी होत नाही. तो प्रश्न स्वतंत्रपणेच सोडवावा लागतो.

## गुणोत्तर बदलावे की नाही

यासाठी सर्वत्र लागू होणारा नियम नाही, पण व्यवहारात पुढील ठोकताळा वापरला जातो:

* वाढ सुमारे ५ टक्क्यांपर्यंत: गुणोत्तर बदलण्याची सहसा गरज नसते. वेगकाट्यातील फरक लक्षात ठेवणे किंवा दुरुस्त करून घेणे पुरते.
* ५ ते १० टक्के: निर्णय इंजिनावर व वापरावर अवलंबून असतो. कमी फेऱ्यांना भरपूर टॉर्क देणारे टर्बो डिझेल इंजिन ही वाढ पेलते. लहान पेट्रोल इंजिनाच्या किंवा जुन्या, टर्बो नसलेल्या डिझेलच्या वाहनात सर्वांत वरचा गियर निरुपयोगी होतो.
* १० टक्क्यांहून अधिक: वाहन डोंगरात, भार घेऊन किंवा नेहमी खडकावर चालणार असेल तर गुणोत्तर बदलणे योग्य ठरते. ते शक्य नसल्यास टायरच लहान निवडणे शहाणपणाचे.

सूत्राने आलेले गुणोत्तर बाजारात मिळतेच असे नाही, कारण ते दातांच्या पूर्ण संख्यांवर ठरते. उदाहरणार्थ, ४१ व १० दातांची जोडी ४.१०, ४१ व ९ दातांची ४.५६, ३९ व ८ दातांची ४.८८ आणि ४३ व ८ दातांची ५.३८ असे गुणोत्तर देते. तक्त्यातील ४.६५ या अपेक्षित गुणोत्तराच्या जवळचे पर्याय ४.५६ व ४.८८ हे होत. थेट (१:१) गियरमध्ये ताशी ८० किमी या खऱ्या वेगाला मूळ वाहनाचे इंजिन मिनिटाला सुमारे २,३७० फेऱ्या घेते. मोठ्या टायरवर गुणोत्तर तसेच ठेवले तर २,०९०, ४.५६ केल्यास २,३२० आणि ४.८८ केल्यास २,४८० फेऱ्या होतात. महामार्गावर अधिक चालणाऱ्या वाहनाला ४.५६, तर डोंगरात अधिक चालणाऱ्या जड वाहनाला ४.८८ बरे पडते.

गुणोत्तर वाढवण्याची किंमतही असते. पिनियनचे दात कमी झाले की पिनियन लहान होतो व त्याची ताकद काहीशी घटते. नेमके त्याच वेळी मोठा टायर त्यावर अधिक धक्के आणत असतो. भारतातील आधुनिक वाहनांसाठी पर्यायी जोड्या सहज मिळत नाहीत. जुन्या जीपच्या आसांसाठी मात्र निरनिराळ्या गुणोत्तरांचे संच प्रचलित होते.

## जीपचे उदाहरण

गुणोत्तर कामाप्रमाणे कसे ठरते, याचे जुने उदाहरण जीपच्या इतिहासात सापडते. दुसऱ्या महायुद्धातील विलीज एमबी जीपचे अंतिम गुणोत्तर ४.८८ होते. पहिला गियर आणि ट्रान्सफर केसचा खालचा टप्पा धरून तिचे एकूण गुणोत्तर सुमारे २५.६ इतके होई. युद्धानंतर शेतीकामासाठी आणलेल्या सीजे-२ए या नागरी जीपला ५.३८ हे अंतिम गुणोत्तर आणि अधिक घटीची ट्रान्सफर केस देण्यात आली, त्यामुळे एकूण गुणोत्तर सुमारे ३६ पर्यंत गेले. इंजिन जवळजवळ तेच राहिले. नांगर ओढण्यासाठी लागणारी सावकाश व दमदार चाल केवळ गियरमधून मिळवण्यात आली. १९४७ पासून महिंद्राने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे हीच घडण महाराष्ट्राच्या ग्रामीण रस्त्यांवर परिचित झाली.

## बदल करताना घ्यावयाची काळजी

चार-चाक-चालित वाहनात पुढील व मागील दोन्ही डिफरन्शियलचे गुणोत्तर सारखेच असावे लागते. केवळ मागील जोडी बदलली आणि चारही चाकांना शक्ती दिली, तर पुढची व मागची चाके निरनिराळ्या गतीने फिरू पाहतात. घट्ट जमिनीवर हा ताण ट्रान्सफर केस व शाफ्टवर साठत जातो आणि काही तरी तुटते. याच कारणाने चारही टायर एकाच मापाचे व साधारण सारख्या झिजेचे असावे लागतात. जादा चाकही त्याच मापाचे ठेवणे आवश्यक असते.

क्राउन व पिनियन बसवणे हे कौशल्याचे काम आहे. पिनियनची खोली, दातांमधील मोकळीक आणि बेअरिंगवरील ताण या तीन गोष्टी पातळ चकत्या घालून जुळवतात. दातांना रंग लावून फिरवल्यावर उमटणारा स्पर्शाचा ठसा दाताच्या मध्यभागी यावा लागतो. ठसा कडेला आला तर डिफरन्शियल गुणगुणतो आणि अकाली झिजतो. नव्या जोडीवर सुरुवातीला थोडे अंतर चालवून वाहन थंड होऊ देतात, भार ओढत नाहीत आणि काहीशे किलोमीटरनंतर तेल बदलतात.

याशिवाय स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर व निलंबन पूर्ण दबल्यावर टायर मडगार्डला वा सांगाड्याला घासत नाही ना, ब्रेकची नळी ताणली जात नाही ना, हे पाहावे लागते. नव्या वाहनांत वेगकाटा, स्वयंचलित गियरपेटी आणि घसरणरोधक प्रणाली चाकाच्या फेऱ्यांवरूनच वेग ठरवतात. ही माहिती दुरुस्त न केल्यास प्रवासाचे अंतर कमी नोंदले जाते आणि इंधनाचा खप प्रत्यक्षापेक्षा जास्त भासतो.

## ट्रॅक्टर

ऊस व कांद्याच्या या जिल्ह्यात हाच नियम ट्रॅक्टरमध्ये रोज दिसतो. चार-चाक-चालित ट्रॅक्टरची पुढची चाके मागच्यांपेक्षा लहान असतात. त्यांची गती अशी जुळवलेली असते की पुढची चाके किंचित पुढे ओढत राहतात. ही आघाडी साधारणपणे १ ते ५ टक्के असावी, असे मानले जाते. केवळ मागचे टायर मोठे केले तर ही आघाडी नाहीशी होते व पुढचा आस ओढण्याऐवजी अडवू लागतो. तसेच मोठ्या मागच्या टायरमुळे त्याच गियरमध्ये ट्रॅक्टरचा वेग वाढतो, पण पीटीओच्या फेऱ्या तेवढ्याच राहतात. परिणामी रोटाव्हेटरची पाती दूर दूर पडतात आणि ढेकळे मोठी राहतात.

## कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ लावताना हे बंधन अधोरेखित केले. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार परवानगीबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. टायरचे माप व भारक्षमता यांसाठी केंद्रीय नियमांत स्वतंत्र तरतूद आहे. जिल्ह्यात एमएच-१६ (अहिल्यानगर) आणि एमएच-१७ (श्रीरामपूर) ही नोंदणी कार्यालये आहेत. उत्पादकाने त्याच मॉडेलच्या अन्य प्रकारासाठी मान्य केलेले माप निवडणे हा तुलनेने सुरक्षित मार्ग मानला जातो. अमान्य बदल असलेल्या वाहनाच्या विम्याचा दावा अडचणीत येऊ शकतो.

वाहन कितीही सक्षम असले तरी ते कोठेही नेण्याची मुभा मिळत नाही. अकोले तालुक्यातील कळसूबाई–हरिश्चंद्रगड आणि कर्जत तालुक्यातील रेहेकुरी ही अभयारण्ये असून तेथील प्रवेश वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार नियंत्रित आहे. गवताळ माळरानावर एकदा उमटलेल्या चाकोऱ्या पावसाळ्यात ओहोळ बनतात व मातीची धूप वाढवतात.

## पर्याय

टायर न वाढवताही बरेच साधता येते. मऊ जमिनीवर टायरमधील हवा कमी केल्यास त्याचा जमिनीशी स्पर्श लांबट होतो आणि पकड वाढते. काही लष्करी वाहनांत चालत्या वाहनातून हवा कमी-जास्त करण्याची सोय असते. खासगी वाहनात पक्क्या रस्त्यावर येताच हवा पुन्हा भरणे आवश्यक असते, अन्यथा टायर तापून फुटू शकतो. मूळ मापातच खोल खाचांचा टायर घेणे, डिफरन्शियलखाली संरक्षक पत्रा बसवणे किंवा डिफरन्शियल लॉक वापरणे हेही उपाय आहेत. ट्रान्सफर केसमधील खालच्या टप्प्याचे गियर बदलल्यास महामार्गावरील चाल तशीच राहून केवळ रांगण्याची गती कमी होते. ज्या वाहनाला आठवड्यातून एकदाच डोंगर चढायचा असतो, त्याच्यासाठी हे उपाय टायरवाढीपेक्षा अनेकदा स्वस्त व कमी जोखमीचे ठरतात.